उजव्या डोळ्यावरची पट्टी

हैदराबाद, ८ जानेवारी २०२५

चि. श्रीशैल यास,
गायत्रीअक्काचा आशीर्वाद. तू माझा नंबर ब्लॉक केलास, म्हणून कागदावर लिहिते. फाडायच्या आधी वाच.

आपल्या चुलतबहिणीच्या, वर्षाराणीच्या साखरपुड्यात मी तुझ्या शिवांजलीचा उजवा डोळा तळहातानं झाकला, आणि पोरीला समोरची बोटं मोजता आली नाहीत. तू पाहुण्यांदेखत मला घराबाहेर काढलंस. काढ. पण ती सहा वर्षांची आहे. डाव्या डोळ्याचा नंबर मोठा असणार, म्हणून मेंदू त्याचं ऐकेनासा झालाय. लहानपणी मेंदू शिकायला मोकळा असतो. पुढं त्यातल्या पेशींभोवती साखर आणि प्रथिनांची जाळी आवळत जाते. त्या पदार्थांना प्रोटिओग्लायकन म्हणतात. अकरा वर्षं मी प्रयोगशाळेत उंदरांच्या मेंदूतल्या याच जाळीवर काम करतेय. जाळी आवळली की डोळ्याला शिकवणं अवघड. डोळ्यांच्या डॉक्टरकडं ने. चष्मा देतील, चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावायला सांगतील. बाप म्हणून एवढं तरी जमव.

माझ्यावर लोभ नसला तरी चालेल, पोरीवर असू दे.
गायत्री

ढोकी, १९ जानेवारी

ती. गायत्रीअक्कास,
श्रीशैलचे शरणार्थ. पत्र म्या फाडणारच होतो, पण तुझ्या भावजयीनं, निकितानं हातातून ओढून घेतलं.

लई शिकलीस, पण भावाच्या लेकीला शंभर पाहुण्यांत आंधळी ठरवायचं कुठं शिकलीस? हिचं लग्न कसं जमायचं, असं बाया आत्ताच बोलायल्यात. चांगला डोळा झाकून वाईट डोळा नीट होतो, हे तुझ्या उंदरांना सांग. शिवू टीव्ही बघती, चित्रं काढती. तिला काय झालेलं न्हाय. परत लिहू नको.

तुझी आठवण काढायची वेळ आमच्यावर न येवो.
श्रीशैल

ढोकी, २ जून

ती. गायत्रीअक्कास,
शरणार्थ. राग गेला म्हणून लिहितोय असं समजू नको.

म्या उसाच्या वाहतुकीवर असताना निकितानं मला न सांगता शिवूला धाराशिवला दाखवलं. चार महिने म्या घराबाहेर असलो की ही तिला चष्मा घालून पट्टी लावायची. पोरगी दाराला धडकायची, रडायची, पट्टी उपटायची. ही परत चिकटवायची. कळल्यावर म्या घर डोक्यावर घेतलं अन् डॉक्टरला जाब विचारायला गेलो. त्यांनी शिवूला तक्त्यासमोर उभं केलं. जानेवारीत डाव्या डोळ्यानं वरचं एकच अक्षर वाचलेल्या पोरीनं माझ्यासमोर पाचवी ओळ वाचली.

मग, हे बापाकडूनबी येतं म्हणत त्यांनी मलाच खुर्चीत बसवलं अन् माझा उजवा डोळा झाकला. मला वरचं अक्षरबी दिसलं न्हाय. खरं सांगतो, साखरपुड्यात तू शिवूचा डोळा झाकलास तवाच म्या मागं उभा राहून माझाबी झाकून बघितला होता. समोरचा मांडव पुसून गेला. तिथंच घाबरलो अन् तुझ्यावर ओरडलो. तू माझ्याहून सात वर्षांनी मोठी, तुला कसं कधीच कळलं न्हाय?

माझं वय एकेचाळीस. ती जाळी आता सुटती का? तेवढंच लिही.
श्रीशैल

हैदराबाद, १० जून

चि. श्रीशैल यास,
आशीर्वाद. उंदरांच्या मेंदूतली जाळी औषधानं विरघळवली, की मोठ्या उंदराचा मेंदूही पुन्हा शिकतो. माणसासाठी तसं औषध नाही. असतं तरी मी तुला घाईनं दिलं नसतं. शिकलेलं आणि लक्षात ठेवलेलं पक्कं धरून ठेवायलाही तीच जाळी लागते असं दिसतं. सैल केली तर काय काय निसटेल, मला सांगता येत नाही. पट्टीनंही तुला आता फारसा फरक पडणार नाही. उजवा डोळा जप. ट्रॅक्टरची दुरुस्ती करताना चष्मा लावल्याशिवाय बसू नकोस.

लहानपणी तू पुस्तक तिरकं धरायचास आणि मी तुला चापट मारून सरळ बसवायचे. मला कळलं नाही. साखरपुड्यातही शिवूला आत नेऊन तपासायला हवं होतं. दोन्ही वेळा चुकलं माझं.

शिवूला विचार, मी आले तर ती माझ्याशी बोलेल का. तू नाही बोललास तरी येईन.
अक्का