बाबांच्या मापाचं मशीन

ता. ३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

आपलं जुनं शिलाई मशीन गेलं. काल दुपारी मिस्त्रींनी ते पूर्ण उघडलं आणि खालच्या शाफ्टला गेलेली आडवी चीर मला बॅटरीच्या उजेडात दाखवली. जोड देऊन भागेल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, जोड देतो, पण तिसऱ्या दिवशी पुन्हा बोलवाल आणि वर मलाच शिव्या घालाल. तो भाग आता कोणी बनवत नाही. बाबा दाराशी उभे राहून ऐकत होते. संध्याकाळी त्यांनी रोजच्यासारखं मशीनवर फडकं टाकलं आणि चारी कोपरे नीट ओढून घेतले.

नवं घ्यावंच लागणार. पैशांची सोय झाली आहे, तो घोर तू लावून घेऊ नकोस. अडलंय ते कोणतं घ्यायचं यावर. बाजारातल्या दुकानदाराने चाळीस बॅगा सांगितल्यात, ताठ कातड्याच्या, गोल कोपऱ्यांच्या तळाच्या. आपलं होतं तसं सपाट टेबलाचं मशीन घ्यावं, असं बाबा म्हणतात. मला वाटतं नळीचं घ्यावं. टेबलाऐवजी पुढे आलेली नळी, तिच्यावर बॅग मोज्यासारखी चढवायची आणि तळ गोल फिरवत शिवायचा. बाबांचं म्हणणं, बॅग उलटी शिवून सुलटी करायची, जन्मभर तेच केलं. मी म्हटलं, हे कातडं उलटताना तडकतं. ते म्हणाले, धाकट्याला विचार, त्याचा जन्म मशीनच्या पोटात चाललाय. हे कौतुक होतं की टोमणा, ते तुझं तू ठरव.

तेव्हा दोनशे मशीनं सांभाळणाऱ्या साहेबांनी आपल्या एका मशीनकडे लक्ष द्यावं. तुझ्या चिमणीला दात आले की अजून बोळक्यानेच राज्य करतेय? लोभ आहेच, त्याला तेलपाणी करत जा.

तुझी,
ताई

ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचताना वाटलं, घरातलं वडीलधारं माणूस गेल्याची बातमी लिहिली आहेस. तसं ते होतंच म्हणा. लहानपणी त्याच्या आवाजावर झोपायचो आपण.

आता कामाचं. सुईबरोबर वरचा पायही पुढे चालतो, असंच मशीन घे. त्याशिवाय तीन थर एकत्र सरकत नाहीत, वरचं कातडं मागे राहतं. पायाखाली दाते नकोत, गुळगुळीत पाय माग, नाहीतर प्रत्येक बॅगेवर उंदीर चावल्यासारखी रांग उमटेल. मोटर सावकाश चालणारी हवी, एकेक टाका मोजून टाकता आला पाहिजे. दुकानदार वेग सांगून भुरळ घालेल, त्याला हात जोड.

सपाट की नळीचं, यात मी बाबांच्या बाजूचा आहे. नळीवर हात बसायला वर्ष जातं. इथे आमच्या बॅगांच्या कारखान्यात मशीन घेताना पहिला प्रश्न असतो की त्याच्यावर बसणार कोण. माणूस बघायचा, मग मशीन. आपल्याकडे तो प्रश्नच नाही. मशीनसमोरच्या त्या खुर्चीवर कोण बसतं आणि कोणाला बसता येत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे.

बाबांच्या हातचा एखादा नमुना पाठव. टाका बघितला की सुई-दोरा ठरवतो. चिमणीला दोन दात आलेत आणि दोन्ही माझ्या बोटावर चालवून झालेत. सवडीने नको, लगेच लिही.

तुझा,
धाकटा

ता. १५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

नमुना पाठवते आहे. एका बिघडलेल्या बॅगेचा कोपरा आहे. बाजू मशीनवरची, जुन्याच्या अखेरच्या दिवसांतली. तळ हाताने शिवलेला, आरीने भोकं पाडून दोन सुयांनी. मशीन पोचत नाही तिथे दुसरा इलाज नसतो. एका तळाला पाऊण दिवस जातो. चाळीस तळांचा हिशेब तू कर. म्हणून नळीचं म्हणते. वर्ष जाईल म्हणतोस, पण माझ्या अंदाजाने तळ गोल फिरवायची सवय असलेल्या हाताला महिना पुरेल.

आणखी एक. कोणतंही ठरवलंस तरी टेबल उंच नको. का, ते आत्ता विचारू नकोस.

बाबा बरे आहेत. सकाळी आपल्या कारखान्यात येतात, कातड्यावरून अंगठा फिरवून हे पोटाकडचं, ते पाठीचं असं सांगतात आणि ते कधीच चुकत नाही. गिऱ्हाईक आलं की खुर्चीवर बसून बोलतात. तुझं पत्र त्यांनी वाचायला मागितलं. खुर्चीच्या वाक्याशी थांबले, घडी घातली आणि चष्म्याची काच बदलायला झाली म्हणाले.

मशीन ठरवण्याआधी मला लिही. माया तशीच ठेव.

तुझी,
ताई

ता. २१ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नमुना भिंगाखाली धरला आणि जेवायचं विसरलो. कोपऱ्यावर टाके एकेक केसाने लहान होत जातात आणि वळण संपलं की पुन्हा मोठे. आमच्याकडे एकालाही हे जमत नाही. मालकांना दाखवलं. ते म्हणाले, या हाताच्या माणसाला नमुना विभागात बसवा, तो मागेल ते द्या. मी म्हटलं, आमचे बाबा आपली खुर्ची सोडायचे नाहीत.

एकच गोष्ट खटकली. तळाचे टाके उलट्या बाजूला कललेत. बाबा डावखुरे, त्यांचा टाका कसा झुकतो ते मी डोळे मिटून सांगेन. हा आरशात बघितल्यासारखा दिसतो. वयोमानाने बॅग उलटी धरत असतील. म्हणूनच मला त्यांचे हात आता नव्या मशीनच्या नादी लावायचे नाहीत.

तेव्हा रागावू नकोस, मी सपाट मशीन सांगून टाकलं. माझ्याकडून बाबांना भेट. टेबल त्यांच्या उंचीचं. गुडघ्याने मशीनचा पाय उचलायचा दांडा उजवीकडे असतो, तो मुद्दाम डावीकडे बसवून घेतलाय, जुन्याला होता तसा. टेबल उंच नको म्हणे! बाबा काय बुटके झाले? बिलही त्यांच्याच नावाचं केलंय. त्या खुर्चीसाठी मी काही करावं, असं फार दिवस मनात होतं.

मशीन महिन्याभरात पोचेल. त्यांना आत्ताच सांगू नकोस. आशीर्वाद असू दे.

तुझा,
धाकटा

ता. २६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तो टाका आरशातला नाही, माझा आहे.

बाबांनी मशीनला हात लावल्याला आठ वर्षं झाली. तू गेलास त्याच्या पुढच्या वर्षी त्यांचे हात थरथरायला लागले. आधी दोरा ओवता येईना, मग कातडं सरळ धरता येईना. एक दिवस त्यांनी मला समोर बसवलं आणि बघ म्हणाले. तू त्यांच्या पाठीमागे उभा राहून शिकायचास, म्हणून तुला ते डावं काम नेहमी उलटं पडायचं. मी समोरून बघितलं. त्यांचा डावा तो माझा उजवा. तीन महिन्यांत हात बसला. टाका मात्र उलटा कलला. हे आजवर कोणाला दिसलं नव्हतं, तुला दिसलं.

त्यानंतर इथून गेलेली प्रत्येक बॅग माझी आहे. टेबल उंच पडतं म्हणून पायाखाली लाकडी खोका घेते आणि डावा दांडा पेलता पेलता गुडघ्याला घट्टा पडलाय. गिऱ्हाईक आलं की मी उठते, बाबा बसतात. हात मांडीवर घट्ट धरतात. लोकांना त्यांच्या हातची बॅग हवी असते. कागदांवर त्यांची सहीही मीच करते. तू दोन दिवस येतोस तेव्हा कारखाना बंद ठेवायचा आणि त्यांच्यापुढे कप अर्धाच भरून ठेवायचा, हे ठरलेलं.

तुला सांगायचं नाही, अशी त्यांनी मला शपथ घातली होती. चार माणसांत तुला खुर्ची नाकारली आणि वर्षात ती मुलीला द्यावी लागली, ही लाज त्यांना झेपत नव्हती. मला ती शपथ सोयीची होती, असंही तू म्हणशील. म्हण.

हे सपाट मशीन त्यांच्या मापाचं आहे, ताठ कातड्याचा तळ त्याच्यावर होत नाही. ते बदलून घे. एवढं एकच मागते.

तुझी,
ताई

ता. ८ मार्च

ती. ताईस,
नमस्कार.

पत्र मिळालं. उत्तराला दहा दिवस लागले, कारण आधी लिहिलेली तीन फाडली.

बाबा तेव्हा म्हणाले होते की खुर्ची मागून मिळत नसते आणि माझी बोटं जाड आहेत. दुकानदार हसला होता. ते ऐकून मी घर सोडलं आणि नऊ वर्षं दुसऱ्यांच्या मशीनला ग्रीस लावतोय. त्यातली आठ वर्षं तू मला लिहीत होतीस की बाबांचं काम जोरात आहे. छान लिहायचीस. कुठेही टाका सुटला नाही.

वर्षभर धीर धरला असता तर ती जागा माझी झाली असती का, हा विचार आता मरेपर्यंत पुरेल. तो तू मला दिलास. कापड उसवलं तर भोकं बुजतात, कातड्याची बुजत नाहीत. हे मी तुला काय सांगावं?

तुझं पत्र आलं तेव्हा मशीन बदलायला चार दिवस बाकी होते. मी बदललं नाही. चुकून राहिलं, असं तुला वाटू नये म्हणून कळवतो.

धाकटा

ता. १२ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

हे मी स्वतः लिहितो आहे. अक्षर लागलं नाही तर पुन्हा वाच. तुला सगळं कळलं आहे, असं ताईने सांगितलं. झालं ते झालं. आता तू ये. खुर्ची तुझीच आहे. मशीन येतं आहे त्यावर तू बस. तळ ताई हाताने करील, तिला सवय आहे. बाहेर कोणाला काही सांगायची गरज पडणार नाही. मुलगा बापाच्या जागी बसला तर कोणी काही विचारत नाही.

तुझे बाबा

ता. १७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोबत बाबांचं पत्र आहे. आलं मला, पण वाचायला तुला हवं.

याच पत्राची मी नऊ वर्षं वाट पाहिली. चार वेळा वाचलं, रजेचा अर्जही लिहिला. पाचव्यांदा वाचताना, तिला सवय आहे, या तीन शब्दांशी अडलो. ते वाक्य लिहिताना त्यांचा हात जराही हललेला नाही. बाकी पत्र बघ आणि ती ओळ बघ.

मी येणार नाही. तुझ्यावरच्या मायेपोटी येत नाही, असं म्हणण्याइतका मी अजून निवळलेलो नाही. पण त्या खुर्चीवर बसलो तर रोज समोर तू तळ शिवत असशील, आणि ते मला बघवणार नाही.

मशीनवाल्याशी बोललो. गाडी निघाली आहे, २५ तारखेला, गुरुवारी सकाळी दहाला तुमच्या दारात येईल. पेटीचा एकही खिळा न काढता ती परत केली, तर आठ दिवसांत तो नळीचं पाठवील, टेबल तुझ्या उंचीचं, दांडा उजवीकडे. अडचण एकच. बिल बाबांच्या नावाचं आहे. ठेवून घेतल्याची असो की परत केल्याची, सही त्यांनीच करायची, गाडीवाल्यासमोर. इथे तुझी सही चालणार नाही.

मालकांना मी सांगितलं की तो हात बहिणीचा आहे. ते म्हणाले, मग बहिणीला बोलवा. हा निरोप आहे, सल्ला नाही.

चिमणी रांगायला लागली. लोभ किती उरलाय ते मोजून कळवीन.

धाकटा

ता. २३ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

बाबांचं पत्र मी बाबांनाच वाचून दाखवलं. अगदी सावकाश, बातम्या वाचतात तसं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, पेन चांगलं नव्हतं.

मग मी माझं सांगितलं. पेटी परत गेली, तर चाळीस बॅगा मी करीन आणि दुकानदार पुढच्या वेळी येईल तेव्हा मी खुर्चीवरून उठणार नाही. पेटी उघडली, तर सोमवारी मी तुझ्या मालकांपुढे उभी असेन आणि चाळीस तळ ज्याला करायचे त्याने करावेत. एवढं बोलायला मला आठ वर्षं लागली आणि बोलायला मिनिटही लागलं नाही. बाबांनी विचारलं की गाडीवाला ओळखीचा आहे का. मी नाही म्हटलं. मग त्यांनी पाठकोरे कागद मागितले.

कालपासून ते सही गिरवताहेत. पहिल्या पानावर नुसत्या मुंग्या आहेत. आज दुपारपर्यंत दहातली एखादी त्यांची वाटते. डाव्या हाताचं मनगट उजव्या हाताने धरतात आणि मी आत आले की कागद पालथा घालतात. सही ठेवून घेतल्याच्या कागदावर करणार की परत केल्याच्या, असं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी नवा कागद पुढे ओढला.

मशीनची जागा झाडून रिकामी केली आहे. माझी आरी, दोन सुया आणि मेणाचा गोळा फडक्यात बांधून ठेवलाय. तुझ्यावर मी रागावलेली नाही, असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. चार दिवस हातात असून तू गप्प बसलास. मी आठ वर्षं बसले. फिट्टंफाट झाली असं समजू नकोस. पण कातड्याच्या जुन्या भोकांतून नवा दोरा घालता येतो. जड जातं, बोटं सोलतात, तरी मला ते येतं.

गाडी परवा दहाला यायची आहे. बाबा खुर्चीवर बसून सही करणार आहेत. मी टेबलाच्या पलीकडे बसेन, शिकताना बसायचे तिथे, तिथून कागद उलटा दिसला तरी सही कोणत्या कागदावर होते ते मला वाचता येईल.

तुझी,
ताई