कौसाबाईचे गाणे अन् ती तार

मंगळवार, सांज

अन् हे कंप्युटर तरी काऊन इतकं रेंगाळते? बॅकअपचा डब्बा जोडला का चिखलात फसल्या बैलबंडीवानी बसते. नागपूरच्या पोरासंग बोलून राह्यली होती, तर त्याचं तोंड पडद्यावर अर्धं उघडंच अडकलं. माह्यं डोस्कं फिरलं. गाणे टाकून झाले असं पडद्यावर आलंच होतं, डब्ब्यावरचा दिवा तेवढा लुकलुकत होता. ओढली तार.

सून वैशाली धावत आली. "आई, दिवा लुकलुकते तवर तार काढू नोका म्हटलं होतं ना! कंप्युटरमधलं हे लिनक्स 'झालं' म्हणते, पण मांगून डब्ब्यात लिवतच राह्यते."

"मंग इतकं हळू काऊन लिवते?"

तिनं वाकून पाह्यलं. "मांगच्या निळ्या, तेज खाचेतली तार पुढच्या जुन्या, हळू खाचेत कोणं लावली?"

मीच. सकाळी झाडताना.

त्या डब्ब्यात कौसाबाईचे धानाच्या रोवणीचे गाणे होते. मोबाईलमधले कधीचेच पुसले, अन् आज कंप्युटरमधूनही काढून वैशाली डब्ब्यात टाकून राह्यली होती. गळ्याच्या आपरेशननं कौसाबाईचा आवाजच गेला. जिंदगीभर धानाच्या बांधीत तिच्या मांगं मी गायली, अन् माह्याच हातानं... दिवा लुकलुकत होता. मले दिसत होता.

वैशालीनं डब्बा पुन्हा जोडून पाह्यला, पण तो उघडलाच नाई. मंग चंद्रपूरच्या रिपेरवाल्याकडं धाडला. त्याले फोनवर साफ सांगितलं, "भाऊ, पाहतो-बिहतो म्हणू नोको. गाणे हायेत का नाई, रविवारपर्यंत सांग. सोमवारी कौसाबाई ऐकाले येऊन राह्यली."