फुली मारलेला खांब

मी, वय चोपन्न, धंदा सुतारकाम, बाजारात 'पाचर' या नावाने ओळखला जाणारा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. नाकामागे जे वाढलंय तेवढंच ठिकाणावर नाही. डॉक्टरांच्या मते ती तीस वर्षांची लाकडाची धूळ आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. असता, तर हा कागद बारा वर्षांपूर्वीच झाला असता.

१. कारखान्यावरच्या दोन खोल्या माझ्या पत्नीला. खिडक्या सागाच्या आहेत, दार नाही. एका गिऱ्हाइकाने मापं चुकीची दिली म्हणून खिडक्या उरल्या. दाराच्या बाबतीत कोणी अशी कृपा केली नाही.

२. मेहुण्यांनी 'चार दिवसांकरिता' नेलेला सागाचा बाक आज अकरा वर्षांनी मी त्यांनाच देत आहे. आता तरी त्यांनी पाठ टेकून बसावं.

३. रंधे, पटाशा आणि हातकरवती माझ्याकडे पॉलिश करणाऱ्या बाईंना. यंत्राची करवत मात्र मोडीत घालावी. बाई म्हणाल्या, "मी तोंडाला फडकं बांधून काम करीन की." मीही बांधायचो, गिऱ्हाईक समोर असलं की.

४. माळ्यावर चौदा वर्षं वाळलेल्या सागाच्या तीन फळ्या आहेत. त्यांची लहान मुलांच्या शाळेसाठी बाकं करावीत. माझ्या अंत्यविधीत त्यातली ढलपीसुद्धा वापरू नये. साग होडीला लागतो, पुलाला लागतो, पन्नास वर्षं पावसात उभा राहतो. मी तीन महिन्यांत संपलो. आमची जोडी शोभणार नाही.

५. कारखान्याचा अर्धा हिस्सा माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे दादाला. का, ते नीट लिहितो.

सागाच्या गाभ्यात तेल असतं, म्हणून त्याला कीड लागत नाही. सालीलगतचा पांढरा भाग मात्र किडीला मेजवानी असते. आमच्याकडे लाकूड दादा निवडायचा. पांढरं निघालं की खडूने फुली मारून बाजूला टाकायचा. जोडणी आणि पॉलिश माझं. एका शिक्षकांच्या घराच्या सज्जाला कठडा करताना एक खांब कमी पडला. माल दुसऱ्या दिवशी द्यायचा होता आणि दादा गावाला गेला होता. मी फुलीचा खांब उचलला, फुलीवर रंधा मारला आणि गाभ्याच्या रंगाचं पॉलिश चढवलं. इतकं सुरेख चढलं की मलाच कौतुक वाटलं.

सात वर्षांनी शिक्षकांच्या पत्नी कठड्याला रेलल्या. खांब आतून भुगा झाला होता. बाई दोन वर्षं अंथरुणावर होत्या, मग गेल्या.

लाकूड निवडणारा दादा, म्हणून सगळे दादावर आले. तो म्हणाला, "मी फुली मारली होती. याला विचारा." मला विचारलं. मी म्हणालो, "मला नाही दिसली."

त्यानंतर दादाला कोणी काम दिलं नाही. आज तो लाकडाच्या वखारीवर राखणदार आहे. डोळे मिटून नुसत्या वासावर साग ओळखणारा माणूस फाटकाची कडी लावतो.

गेल्या आठवड्यात मी वखारीवर जाऊन त्याला सगळं सांगितलं.

"बारा वर्षं तोंडात काय धरलं होतंस?" त्याने विचारलं.

"खिळे," मी म्हणालो. तो हसला नाही.

"ती बाई होती तेव्हा बोलायचंस."

मी गेल्यावर हे कलम वकिलांनी वखारीत, सगळे सुतार आणि व्यापारी जमलेले असताना, मोठ्याने वाचावं. फुली होती. मी पाहिली होती. दादाचा दोष काडीइतका नाही.

६. राहिलेलं जे काही असेल ते पत्नीला.

सह्यांच्या वेळी माझ्या हाताने घातलेली नोंद: दुसरे साक्षीदार म्हणून डॉक्टर यायचे होते. त्यांच्या आधी दादा आला, राखणदाराच्या गणवेशात. त्याने पाचवं कलम दोनदा वाचलं आणि म्हणाला, "साक्षीला मी सही करतो."

वकील म्हणाले, "तुमची नाही चालणार हो. ज्याला काही मिळतंय त्याने साक्ष घातली, तर त्याचा हिस्सा बुडतो."

"किती बुडतो?"

"सगळा."

"मग पेन द्या," दादा म्हणाला.

मी 'दादा' म्हणालो. त्याने वर पाहिलं नाही. सबब पाचव्या कलमातला हिस्सा रद्द होऊन पत्नीकडे जाईल. बाकीचं कलम अक्षर न बदलता कायम.

स्थळ: कारखाना, खालची खोली
दिनांक: नऊ नोव्हेंबर, सकाळी अकरा

लिहून ठेवणार: (सही) पाचर, सुतार

आमच्यासमक्ष सही झाली:

साक्षीदार १: (सही) करवत-गिरणीचे मालक. लिहून ठेवणाऱ्याशी नातं: शेजारी

साक्षीदार २: (सही) वखारीचा राखणदार. लिहून ठेवणाऱ्याशी नातं: काही नाही