दांडी थरथरते

३ डिसेंबर १९९६
आज जीप तिसऱ्या गिअरपर्यंत नेली. अण्णांच्या पैठण ट्रिपा सुरू व्हायच्या आधी, रिकाम्या रस्त्यावर. क्लच अर्धाच दाबून गिअर टाकला म्हणून बोलणी खाल्ली. मग गिअरवरच हात ठेवून बसले म्हणून आणखी. "ती काय म्हाताऱ्याची काठी हाय का? टाकला की हात उचलायचा. आतलं झिजतं." पण दांडी भलतीच थरथरते, तळहाताला मुंग्या येतात. अण्णा म्हणाले, "जुनी गाडी हाय माय. थरथरनारच."

५ डिसेंबर
कॉलेजला अण्णांच्याच जीपमधून, पुढच्या सीटवर. त्यांचा डावा हात सबंध वेळ गिअरवर! मला शिकवतात आणि स्वतः... "अण्णा, हात." "गप बस." मागच्या मावशी म्हणाल्या, "पोरगी मास्तरीण व्हनार तुमची." सगळे हसले. अण्णा नाही.

८ डिसेंबर
मन लागत नाही. मागे दहा माणसं बसतात, लेकरं घेऊन. थरथरीनं काही तुटलं तर? गॅरेजवाल्या रफिकचाचांना विचारून आले. "इंजिन के नीचे के रबर बैठ गये बेटी. तेरे अब्बा को दो बार बोला मैं, बदल डालता. नक्को बोलते." असं का? अण्णा चाकात साधा खिळा राहू देत नाहीत.
परवा ते एसटीनं लग्नाला बीडला जाणार. तेव्हाच करून घ्यायचं. आईला सांगितलं, त्यांना नाही.

११ डिसेंबर
काल काम झालं. चाचांना शेजारी बसवून जीप मीच घरी आणली. दांडी एकदम गप्प. चाचा म्हणाले, "अब देख, मक्खन." अण्णा खूश होतील.

१२ डिसेंबर
लिहवत नाही.
अण्णांनी जीप सुरू केली आणि माझ्याकडे पाहिलं. "काय केलंस?" मी हसत सांगितलं.  त्यांनी सवयीनं हात गिअरवर ठेवला. दांडी थरथरायला लागली. मी म्हटलं, चाचांनी नीट बसवलं नाही वाटतं.
त्यांनी हात उचलला. दांडी थांबली. हात थांबला नाही.

१३ डिसेंबर
कधीपासून? "पोळ्यापासून." आईलाही माहीत नाही. दवाखान्याचं नाव काढलं तर, "डाक्टर गाडी बंद कर म्हनंल. मंग खायचं काय?" उजवा हात चांगला आहे म्हणतात. "डाव्याचं काम गिअरपुरतं. तू बस शेजारी. मी क्लच दाबतो, तू गिअर टाक. कुनाला कळत नाय."
 

१४ डिसेंबर
कॉलेजचं प्रॅक्टिकल बुडवलं. पैठणपर्यंत गिअर मी टाकले. "दुसरा." "तिसरा." दर वेळी हात उचलला, शिकवलं तसा. मागून एक बाई म्हणाली, "बापलेकीची जोडी लई भारी." सगळे खुशीत. 
एका वळणावर अण्णांच्या उजव्या हाताकडे लक्ष गेलं. स्टिअरिंग इतकं आवळलेलं की नखं पांढरी. मला सांगतात, सैल धरावं.
तोही थरथरतो म्हणून आवळलं का, ते विचारायचं धाडस झालं नाही.

१५ डिसेंबर
सकाळ. किल्ली माझ्या डाव्या मुठीत आहे. अंगणातून दोनदा हाक आली, "माय, किल्ली कुठंय? मानसं खोळंबलीत." आई चुलीपुढून म्हणते, "अगं, दे ना त्यांना. ऐकू येत नाय का?"
येतंय.