बेसवर चारुता, सहा नंबरवर मी

एदोगावा, तोक्यो
१ सप्टेंबर २०१३, रविवार

तीर्थस्वरूप लीलावतीमावशींना अंबरीषचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? मागच्या फोनवर "जिना सोडून सगळं जमतं" म्हणालात, तेव्हापासून माळ्यावरची लोणच्याची बरणी खाली कोण आणतं, ही काळजी आम्हांला लागून राहिली आहे (चारुताला गुडघ्याची, मला बरणीची, खोटं कशाला लिहू). इकडे आम्ही तिघंही ठीक. जुई उंच होते आहे आणि मराठीत विचारलेल्याचं उत्तर जपानीत देते. जमीन अधूनमधून हलते, पण तुम्ही टीव्हीवर बघून फोन करता तेवढी नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या मोठ्या भूकंपात फोन बंद पडले होते, हे तुम्हांला माहीत आहेच. मी कावासाकीहून चालत घरी आलो आणि तोवर चारुताला माझा पत्ता नव्हता. त्यानंतर आमच्या चोनाइकाईने (ही इथली मोहल्ला कमिटी; वर्गणी, सफाई आणि न संपणाऱ्या मीटिंगा) वायरलेस संच घेतले. आठ हातातले आणि एक मोठा, टेबलावर ठेवायचा. मोठा तो बेस. तो सभागृहात असतो, त्याची अँटेना गच्चीवर, आणि वीज गेली तर म्हणून खाली मोटारीची बॅटरी.

आता मी टेलिकॉमचा इंजिनिअर. तेव्हा बेसवर कोण बसणार, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. (अपेक्षा नव्हती असं मी डायरीत लिहिलं होतं. ते खोडलं. होती.) कमिटीने चारुताला बसवलं. कारण असं की बेसवर यंत्र कळणारा माणूस लागत नाही, बोलणं कळणारा लागतो, आणि कोंबिनीतल्या (चोवीस तास उघडं दुकान) अरुबाइतोमुळे, म्हणजे अर्धवेळ नोकरीमुळे, तिचं जपानी असं झालं आहे की डोळे मिटून ऐकलं तर इथलीच वाटते. माझं डोळे उघडे ठेवूनही तसं वाटत नाही. मला हातातला संच मिळाला आणि कालव्यापलीकडच्या बागेतली पाण्याची टाकी मिळाली.

तिला शिकवायला कितागावा-सान आहेत. मूळचे ओसाकाचे, जन्मभर टॅक्सी कंपनीच्या बेसवर बसून गाड्या पाठवल्या, आता निवृत्त, विधुर, सत्तरीचे. या वयाच्या माणसाचा मत्सर वाटणं मला शोभत नाही हे मी रोज स्वतःला सांगतो, आणि रोज सांगावं लागतं यातच सगळं आलं. ते तिला "चारुता-सान" म्हणतात. 'ता' असा हळुवार ठेवतात, जसा काचेचा पेला टेबलावर ठेवावा.

वायरलेस फोनसारखा नाही, मावशी. त्यावर एका वेळी एकानेच बोलायचं. बटण दाबायचं, क्षणभर थांबायचं (नाहीतर पहिला शब्द कापला जातो), बोलायचं, शेवटी "दोझो" म्हणजे "आता तुम्ही" असं म्हणायचं आणि बटण सोडायचं. बटण दाबलेलं असेपर्यंत तुम्ही ठार बहिरे. कोणी काही म्हणालं तरी तुम्हांला कळत नाही. दोघे एकदम बोलले तर ज्याचा जोर जास्त त्याचं ऐकू येतं, आणि जोर बेसचा जास्त. शिवाय मधल्या इमारतींमुळे आम्हां हातातल्या संचवाल्यांना एकमेकांचं नीट ऐकू येत नाही, बेसचं मात्र सगळ्यांना येतं. म्हणून मी टाकीवरून जे सांगतो ते चारुता शब्दन् शब्द पुन्हा म्हणते, लिहून घेते आणि "र्योकाय" म्हणते, म्हणजे समजलं. घरी मी तीनदा सांगितलेलं ती एकदाही पुन्हा म्हणत नाही. "दोझो" हा शब्द तर आमच्या स्वयंपाकघरात अजून शिरलेला नाही. (न्यायाने बोलायचं तर तो मीही कधी आणला नाही.)

आता मुख्य गोष्ट. बेसने हाक मारताना आधी समोरच्याचं नाव, मग आपलं, असा नियम आहे. ती "यानो-सान, इकडे बेस, दोझो" म्हणते तेव्हा, एक संच ज्यांच्याकडे आहे त्या यानो-आजींचा चेहरा उजळतो. मग माझी पाळी. "सबनीस-सान" म्हणावं तर तीही सबनीस-सानच. सगळे हसले. कितागावा-साननी तोड काढली, नवरा-बायकोने एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारावी. मला ते पहिल्यांदाच शहाणे वाटले. मी कालव्याकाठी संच कानाला लावून उभा राहिलो. मावशी, लग्नाला सतरा वर्षं होतील. या बाईने माझं नाव एकदाच घेतलं आहे, उखाण्यात, आणि तिथेही ते यमक जुळवायला लागत होतं, म्हणून मी ते धरत नाही. संच खरखरला, आणि चारुताच्या स्वच्छ आवाजात सगळ्या वस्तीला ऐकू आलं, "अहो, अहो, इकडे बेस, दोझो."

'आहो' म्हणजे ओसाकाकडे 'मूर्ख'.

मी "मूर्ख बोलतोय, टाकी ठीक आहे" अशा अर्थाचं उत्तर दिलं, दुसरं काय देणार? सभागृहात पोचलो तेव्हा कितागावा-सान डोळे पुसत होते. मला वाटलं हसून. थोडं हसून होतंच. मग म्हणाले, "माझी बायको मला तीस वर्षं हेच म्हणायची. आता असं म्हणणारं कोणी नाही." मला स्वतःची लाज वाटली. ती पाचेक मिनिटं टिकली, कारण त्यानंतर चारुताने त्यांना शिऱ्याची दुसरी वाटी दिली. मला पहिलीच मिळाली नव्हती.

त्या दिवसापासून मी 'रोकु-बान', म्हणजे सहा नंबर. इतरांना नावं, मला आकडा. 'अहो'सुद्धा गेलं.

आज भूकंपाची सहामाही कवायत झाली. मी ठरवलं होतं की नाव मिळत नसेल तर निदान काम असं दाखवू की कितागावा-साननी मान डोलवावी. टाकीचा अहवाल आठवडाभर जपानीत पाठ केला होता. झाकण, नळ, पाण्याची पातळी, शेवाळ, सगळं एका दमात म्हटलं. जरा लांबला. मधेच एक किरकोळ धक्का येऊन गेला म्हणे, मला उभ्या उभ्या कळलाही नाही. बटण सोडलं तेव्हा बेसवरून नुसतं "र्योकाय" आलं. माझं एक वाक्यही पुन्हा म्हटलं नाही. घरी आल्यापासून ती भांडी आवाज करून लावते आहे.

असो. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, गुडघ्याला तेल.

आपला,
अंबरीष

ता. क. – लिहायचं होतं ते राहिलंच. (राहिलं नाही, धीर होत नव्हता.) नवऱ्याचं नाव घेऊ नये हे चारुताला तुम्ही शिकवलंत, आणि तुमचा शब्द ती माझ्याहून जास्त मानते. तेव्हा "वायरलेसवर घेतलेलं चालतं" एवढी एक ओळ तिला कळवाल का? मी सुचवलं असं लिहू नका.

ता. क. दुसरा, सोमवार सकाळ – चिकटवलेला लिफाफा फोडून लिहितो आहे. आत्ता कचरा टाकायला खाली गेलो, तिथे यानो-आजी भेटल्या. मला अगदी खालच्या आवाजात विचारलं, "तुमच्या भाषेत 'आंबारिशु' म्हणजे भूकंप का हो?" काल धक्का बसला तेव्हा बेसवरून तो शब्द तीनदा आला, म्हणून त्या टेबलाखाली शिरल्या होत्या.

वर येऊन चारुताला विचारलं. ती म्हणाली, "मग काय करणार? खरा भूकंप, सगळे सुखरूप आहेत का ते मला विचारायचं होतं, आणि तुम्ही बटण दाबून शेवाळ सांगत बसलेले! सहा नंबर, सहा नंबर म्हणून घसा बसला. मग तोंडातून जे आलं ते आलं."

"कसं म्हणालीस? आता म्हण ना."

"अहो, काहीतरीच."

म्हणजे मावशी, माझ्या बायकोने माझं नाव तीनदा, जिवाच्या आकांताने घेतलं. ते यानो-आजींनी ऐकलं, कवायतीत तांदूळ वाटणाऱ्यांनी ऐकलं, शेजारच्या खुर्चीवरून कितागावा-साननी ऐकलं. अख्ख्या चोनाइकाईत ते न ऐकलेला माणूस एकच. आजपर्यंत मी एका कितागावा-सानवर जळत होतो. आता सगळ्या वस्तीवर जळतो.

तुमच्या परवानगीचं तुम्हांला वाटेल तसं करा. पुढची कवायत मार्चमध्ये आहे. त्या दिवशी मी बटणाला बोट लावणार नाही.

दोझो.