चुनखडी ते मेंदू: आमच्या घरचं कॅल्शियम

तीर्थरूप सिंधुताई,

भिलाईहून तुझ्या धाकट्या केवलरामचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला थांबला का? आम्ही इकडे बरे आहोत, आणि मी तर बऱ्याहून बरा.

इथल्या स्टील प्लांटमधली लागलेली नोकरी सोडून ममता बंगळुरूला शिकायला गेली, तेव्हापासून माझं तिच्याशी बोलणं बंद आहे, हे तुला ठाऊकच आहे. ते बंदच राहील. (बाप मी आहे, आधी फोन तिने करायचा.) पण ती आईला फोन करते, कांता स्पीकर लावून भाजी चिरते आणि मी पेपर धरून ऐकत बसतो. तर ताई, आपली पोर मेंदूतल्या कॅल्शियमवर पीएच.डी. करते आहे! आणि चुनखडीत काय असतं? कॅल्शियमच! मी जन्मभर भट्टीत जाणारी चुनखडी तपासली, पोरीने तेच काम मेंदूपर्यंत नेलं. प्लांट सोडला म्हणतात, तो सोडला कुठे?

परवा बसमध्ये शेजारच्या गुलाब नावाच्या कामगाराला हेच समजावत होतो. मेंदूतली पेशी कामाला लागली की तिच्यात कॅल्शियम शिरतं. आत कॅल्मोड्युलिन नावाचं प्रथिन टपलेलं असतं. ते कॅल्शियम पकडतं, आकार बदलतं आणि इतरांना कामाला जुंपतं. कॅल्शियम एकदम जोरात आलं तर दोन पेशींमधला सांधा मजबूत होतो (त्याला सिनॅप्स म्हणतात, मी आता अडखळत नाही). थोडं थोडं, रेंगाळत आलं तर तोच सांधा ढिला पडतो. या भरात माझा पॉवर हाउसचा थांबा मागे गेला आणि मी थेट जामुलला पोचलो. सिमेंट कारखान्यातला तो गुलाब उतरताना म्हणतो कसा, "काकाजी, चुनखडी तं आमीबी रोजच दळतो. मंग आमच्या डोक्यात कावून नाही शिरत?" मी म्हटलं, घराण्यात असावं लागतं.

घरी येऊन कांताला सांगितलं, तर ती म्हणाली, "इतकं समजते तुमाले, तं पोरीशी बोलून कावून नाही राहिले?" मी पेपर वर केला. माघार घेणं माझ्या स्वभावात नाही.

तुझा ताठ मानेचा भाऊ,
केवलराम

ता. क. दिवाळीला ममता 'बाबा, नमस्कार' एवढंच पाठवते आणि मी हात जोडल्याचं चित्र पाठवतो. थोडं थोडं, रेंगाळत म्हणतात ते हेच की काय, असं परवापासून वाटतंय. जेवण जात नाही.

पुन्हा ता. क. आत्याचा फोन ती उचलतेच. ढिला पडलेला सांधा परत मजबूत होतो का, एवढं तिला विचार. माझं नाव घेऊ नको. शनिवारच्या गाडीने मी गोंदियाला येतोय. विचारून झालं की फोन माझ्या हातात दे.