मधल्यांनी न वाचायचं

प्रिय आप्पा,

चार दिवस कागद पुढ्यात घेऊन बसतेय, पण हात चालत नव्हता.

इंटरनेटवरून फोन लावला की बोलणं सुरू होण्याआधी एक निरोप जातो, कोण कुणाला बोलावतंय याचा. तो पुढे पोचवणं एवढंच आमच्या कंपनीचं काम. मंगळवारी एका हेल्पलाइनचे फोन तुटत होते. कारण शोधायला मी साठवलेले निरोप उघडले, तर समोर तुमचा नंबर. खाली तळवलीच्या आपल्या घराचा पत्ता. त्याखाली हेल्पलाइनच्या ॲपवर तुम्हीच निवडलेला विषय: ‘विस्मरणाचा आजार. रुग्ण स्वतः.’

‘स्वतः’ हा शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला. गणपतीत तुम्ही मला दोनदा भागीरथीआत्या समजून हाक मारलीत, तेव्हा मी हसले होते. बरं नाही का विचारलं, तर म्हणालात, “मना काय झाला नाय.”

सुमेधा मॅडम माझ्या वरिष्ठ. त्यांना दाखवलं तर म्हणाल्या, “बिघाड शोधायला लागतं गं सगळं.” मी म्हटलं, “फोन पोचवायला नंबर लागतो, मॅडम. आजार कशाला लागतो? आपल्याकडचे चाळीस जण हे वाचू शकतात. आणि हे माझे वडील आहेत.” त्या खाली बसल्या. शुक्रवारी त्यांनी साठवलेलं सगळं पुसायला लावलं आणि हेल्पलाइनला कळवलं, की विषय आणि पत्ता यापुढे कुलूप लावून पाठवा, फक्त हेल्पलाइनकडेच उघडेल असं.

पण पुसायच्या आधी मी तुमचे मागचे निरोपही शोधून काढले, आप्पा. बिघाडाशी त्यांचा काही संबंध नव्हता. नऊ फोन. पहिला मार्चमधला. परक्या माणसापाशी विश्वासाने मन मोकळं केलंत, आणि कधी, किती वेळा, ते मी चोरून पाहिलं. ऑफिसातल्या बाकीच्यांना कोणत्या तोंडाने बोलू?

पुढच्या रविवारी घरी येतेय. काही माहीत नसल्यासारखं तुमच्यासमोर जेवायला बसणं मला जमणार नाही, म्हणून हे आधी लिहिलं. रागवायचं तर रागवा. सांगावंसं वाटलं नाही तर काही सांगू नका. हेल्पलाइनवर बोलणंही थांबवू नका. फक्त डॉक्टरांकडे एकटे जाऊ नका, आप्पा. मी येते बरोबर.

तुमचीच,
रुतिका